एकच उद्यान, तीन इयत्ता: माहीमच्या निसर्ग उद्यानातल्या आमच्या तीन सहली

सुरुवात एका फसलेल्या सहलीपासून करते, म्हणजे यंदा मी एवढी खूश का आहे ते लक्षात येईल.

गेल्या वर्षी आमची शाळा कर्जतच्या बाजूच्या एका खासगी ‘निसर्ग शिबिरा’ला गेली होती. नाव लिहीत नाही. दुसरी, सहावी आणि नववी असे तिन्ही वर्ग एकाच दिवशी गेले आणि तिघांनाही एकच कार्यक्रम होता. दोरीवरचा पूल, टायरमधून रांगणं, दुपारी छोले-पनीर आणि मग पाइपाखाली डीजेवर ‘रेन डान्स’. पर्यावरण नव्हतंच असं नाही. ते चार वाजता होतं. प्रत्येक वर्गाच्या मॉनिटरला गुलमोहराचं एकेक रोप दिलं, खड्ड्यात ठेवायला लावलं, फोटो काढला, टाळ्या. रोपाची काळी प्लास्टिकची पिशवी काढायची राहूनच गेली. सहावीतली एक मुलगी म्हणाली, “सर, मुळं बाहेर कशी येणार?” तिथले सर म्हणाले, “नंतर काढतो बेटा.” गुलमोहर मुळात मादागास्करचा, हे तिला मी परतीच्या बसमध्ये सांगितलं नाही. ती आधीच पुरेशी चिडली होती. दुसरीची पोरं तर दोरीच्या पुलाला हात पुरत नाहीत म्हणून दिवसभर नुसती रांगेत उभी होती, आणि त्या रांगेसाठी प्रत्येकाच्या घरून साडेआठशे रुपये घेतलेले.

म्हणून यंदा पालकसभेत मी हट्टच धरला. लांब जायचं नाही, तिन्ही वर्ग एकत्र न्यायचे नाहीत आणि जिथे जाऊ तिथे डीजे असता कामा नये. मोठ्या बाई म्हणाल्या, “मग जायचं कुठे?” मी म्हटलं, डेपोसमोर.

डेपो म्हणजे धारावी बस डेपो. महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचं दार बरोबर त्याच्यासमोर, सायन-वांद्रे जोडरस्त्यावर आहे. लोक त्याला माहीमचं म्हणत असले तरी आम्हा सायनकरांना ते जवळ. बावीस वर्षं मी त्या दारावरून बसने जाते-येते आणि विज्ञान शिकवते, पण वर्ग घेऊन आत पाऊल टाकलं ते यंदाच. लाजच वाटली म्हणा ना. यंदा तीनदा गेलो: ऑगस्टच्या अखेरीस दुसरी, नोव्हेंबरात सहावी आणि डिसेंबरात नववी. जागा एक, पण सहली तीन आणि त्याही एकमेकींशी जराही न मिळणाऱ्या. हा अभिप्राय त्या तिन्हींचा.

आधी दुसरीचं. अठ्ठेचाळीस मुलं आणि मोठी माणसं सहा, म्हणजे एकेकाच्या वाट्याला आठ. या वयाला हे प्रमाण पाळाच. आठाच्या वर नववं मूल आलं की तुम्ही निसर्ग बघत नाही, डोकी मोजता. साडेआठला आत गेलो. पाऊस आदल्या रात्री पडून गेलेला, सगळीकडे ओली माती आणि डास. डासांचं सांगतेच पुढे.

मी घरून रंगाच्या दुकानातली जुनी शेडकार्डं नेली होती. आमच्या नाक्यावरचा रंगवाला दरवर्षी फेकतो, तीच. त्यांच्या पट्ट्या कापून प्रत्येकाला पाच दिल्या आणि सांगितलं, हा रंग इथे कुठेतरी आहे, शोध, पण तोडायचं काही नाही. बस, एवढंच. पुढचा पाऊण तास मला काही करावं लागलं नाही. हिरव्याच्या पट्ट्या पोरांनी पहिल्या दहा मिनिटांत संपवल्या आणि मग भांडण सुरू झालं, की हा हिरवा त्या हिरव्याहून वेगळा आहे. एकीने ‘राखी’ रंगाला झाडाच्या सालीवरचं दगडफूल लावलं. एकाच्या हातात गडद जांभळा होता, तो कुठेच सापडेना. शेवटी तो शेजारच्याच्या कोपरावरच्या जुन्या खरचटीला पट्टी लावून म्हणाला, “हा बघा.” मी मान्य केलं.

उद्यानातल्या ज्या ताई आमच्याबरोबर फिरत होत्या, त्यांना माझे पूर्ण गुण आहेत, कारण त्या गप्प बसल्या. खरंच. झाडांची नावं सांगण्याचा मोह आवरणं सोपं नसतं, मला तर अजून जमत नाही. मी “मुलांनो, हा करंज...” एवढं म्हणेपर्यंत ताईंनी मला हळूच बाजूला घेतलं. म्हणाल्या, “बाई, आज नावं नकोत, हात लावू द्या.” मग डोळ्यांवर रुमाल बांधून एकेकाला एका झाडापाशी नेलं, खोड चाचपायला लावलं, वास घ्यायला लावलं, परत आणलं, दोनदा गोल फिरवलं आणि रुमाल काढून विचारलं, तुझं झाड कोणतं? अठ्ठेचाळिसांपैकी बहुतेकांनी ओळखलं. ज्यांना ओळखता आलं नाही त्यांनी दुसरं झाड दत्तक घेतलं, तेही चाललं.

एक मुलगा मात्र कशातच नव्हता. एका फांदीवर पानं चिकटवून केलेला तांबड्या मुंग्यांचा गोळा होता, आम्ही कोकणात त्याला ओंबिलांचं घर म्हणतो. त्याच्यासमोर हा उभा राहिला तो उभाच. मी दोनदा हाक मारली. ताई म्हणाल्या, राहू दे. वीस मिनिटांनी तो स्वतःच आला आणि म्हणाला, “बाई, त्या शिवतायत.” शिवतातच. मुंग्या पानांच्या कडा जवळ ओढून धरतात आणि आपल्याच अळ्या तोंडात धरून त्यांच्या रेशमी धाग्याने पानं जोडतात, अळी म्हणजे जणू धोटा. हे मी बीएस्सीला वाचलं होतं, पण माझ्या डोळ्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्याने पाहिलं. त्याचे वडील शिवणकाम करतात, म्हणून त्याला ‘शिवतायत’ हाच शब्द सुचला असावा.

फुलपाखरांची बाग याच वयासाठी आहे असं वाटलं होतं, पण पोरं तिथे फक्त धावली. एक हळदीकुंकू मात्र जवळ येऊन बसलं. पांढऱ्या-पिवळ्या पंखांच्या कडेला लाल ठिपके, नाव अगदी शोभतं. ते नाव ऐकून मुली खुदकन हसल्या, आणि दिवसभरातलं तेवढं एकच नाव त्यांच्या लक्षात राहिलं. दहा वाजता डबा. अकराला परत. दोन-अडीच तास या वयाला पुरतात. त्यापुढे रड, तहान आणि शू, याच क्रमाने.

दुसरीला मी तिथल्या जमिनीखाली काय आहे ते सांगितलं नाही. सात वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा झाड आवडू द्यावं. ते कशावर उगवलंय ते नंतर सांगता येतं.

आता सहावी. अकरा-बारा वर्षांचं मूल हे मोजणारं मूल असतं. त्याला “बघ किती सुंदर” म्हणालात की ते जांभई देतं, “किती आहेत ते मोज” म्हणालात की धावतं. म्हणून आम्ही मोजमापाचं सामान नेलं: सुतळी, शिवणाची टेप, दोन थर्मामीटर, फूटपट्ट्या, जुन्या वह्यांचे पाठकोरे कागद. गणिताचे सर बरोबर होते. सुरुवातीला ते ‘सहल आहे की प्रात्यक्षिक’ म्हणून कुरकुरले, पण पुढे त्यांना आवरावं लागलं.

सुतळीचे एक मीटर बाय एक मीटरचे चौकोन जमिनीवर मांडले. चार जणांचा गट आणि एक चौकोन, आत जे काही दिसेल ते मोजायचं. नाव माहीत नसेल तर स्वतः ठेवायचं. एका गटाने ‘केसाळ किडा नं. १’ आणि ‘केसाळ किडा नं. २’ अशी यादी केली, ती मला पाठ्यपुस्तकातल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा आवडली. झाडाखालच्या चौकोनात पालापाचोळा उचलल्यावर इतके जीव निघाले की एक गट मध्येच थांबला आणि म्हणाला, “सर, मुंग्या मोजणं शक्य नाही, नमुना घेऊ.” बोर्डावर शिकवून मी कंटाळले होते, तो नमुना पद्धतीचा धडा इथे असा आपणहून आला.

मग झाडाचा घेर. वनखात्याची माणसं तो छातीच्या उंचीवर, जमिनीपासून १.३७ मीटरवर मोजतात. सहावीच्या मुलांची छाती १.३७ वर नसते, त्यामुळे सगळ्यांनी हात वर करून टेप धरली आणि हसाहशी झाली. उंचीसाठी काठीची युक्ती: डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर, तेवढीच काठी मुठीच्या वर उभी धरायची. मग झाड काठीइतकं दिसेपर्यंत मागे सरकायचं, आणि तिथून खोडापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. मागे सरकता सरकता दोघं एकमेकांवर आदळली. सरांनी तिथेच समरूप त्रिकोण काढून दाखवले. तो भाग पुढच्या इयत्तांचा आहे, पण त्यांना आता कोण सांगणार.

थर्मामीटरचा प्रयोग सोपा आणि सर्वात परिणामकारक झाला. एक गट सरांबरोबर दाराबाहेर जोडरस्त्याच्या फुटपाथवर, दुसरा आत दाट झाडीत, दोघांनीही सावलीत, बरोबर अकरा वाजता. बाहेर ३३, आत २९. परत आलेल्या गटाचा विश्वासच बसेना. त्यांनी थर्मामीटरांची अदलाबदल करून पुन्हा मोजलं. चूक निघाली नाही. मी काही बोलले नाही, आता गप्प बसायला मीही शिकले होते.

आवाजाचा नकाशा हा खेळ मी याच वयाला देईन. कागदाच्या मधोमध फुली, ती म्हणजे आपण. पाच मिनिटं डोळे मिटून बसायचं आणि ज्या दिशेने आवाज आला त्या दिशेला खूण करायची. एरवी या खेळात जंगल हवं असं वाटतं. इथे उलट झालं. तांबटाची टुकटुक, पोपटांचा कलकलाट, डोक्यावरून उतरणारं विमान, ट्रकचे हॉर्न, डेपोतल्या बसचा ब्रेक, आणि एकाने लिहिलेलं ‘शेजारच्याच्या पोटातला आवाज’. नकाशे जमिनीवर शेजारी शेजारी मांडल्यावर दिसलं की जे गट झाडांच्या दाट पट्ट्यामागे बसले होते, त्यांच्या नकाशावर हॉर्न कमी आहेत. हे मी ठरवलेलं नव्हतं. मुलांनीच शोधलं.

एक खेळ फसला. सुतळीचं अन्नजाळं, म्हणजे सगळ्यांनी गोल उभं राहायचं, कुणी गवत, कुणी नाकतोडा, कुणी सरडा, कुणी घार, आणि कोण कोणाला खातं त्याप्रमाणे सुतळी फिरवायची. तीस मुलांच्या वर गेलं की हा खेळ गुंत्याशिवाय काही शिकवत नाही. आमची बत्तीस होती. एक मुलगा ‘उंदीर’ झाला आणि त्याला सगळेच खायला लागले. सोळाच्या दोन गटांत करायला हवा होता. चूक माझी.

शेवटी रोपवाटिकेत गेलो. तिथून रोपं विकत घेता येतात. आम्ही शाळेसाठी कढीपत्ता आणि लिंबू घेतलं, कारण नीलवंत लिंबाच्या कुळातल्या झाडांवर अंडी घालतो हे मुलांना नुकतंच कळलं होतं. २०१५ पासून नीलवंत हे आपल्या राज्याचं फुलपाखरू आहे. रोपं लावताना पिशवी काढायची, हे गेल्या वर्षीच्या त्या चिडलेल्या, आता सातवीत गेलेल्या मुलीने सगळ्यांना दोनदा बजावलं.

आता नववी. इथे मला सर्वात जास्त भीती होती. चौदा-पंधरा वर्षांची मुलं सहलीला येतात ती एकमेकांसाठी. झाडाला मिठी मारायला सांगून बघा, वर्षभर तुमचं हसू करतील. पर्यावरणाचा विषय त्यांच्या कानावरून आधीच इतका गेलेला असतो की तो ऐकू येणं बंद झालेलं असतं. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने हा विषय शाळाशाळांतून शिकवा असं सांगितलं, तेव्हापासून आम्ही शिकवतोच आहोत. आता नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ हा विषय आहे. तिची वही डिसेंबरअखेर एका रात्रीत लिहिली जाते, हे आम्हालाही माहीत आणि मुलांनाही.

म्हणून नववीला निसर्ग नाही, भांडण द्यायचं ठरवलं. आत शिरल्यावर पहिलं वाक्य मी हे बोलले: “तुम्ही आत्ता कचऱ्यावर उभे आहात.”

तेही शब्दशः. ही ३७ एकर जागा मुंबईचं कचरा टाकायचं मैदान होती. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ते बंद झालं, वर माती टाकली गेली. १९८३ साली सालिम अली यांनी इथे पहिलं झाड लावलं, तेव्हा त्यांनी पंच्याऐंशी ओलांडली होती. १९९४ मध्ये, २२ एप्रिलला, वसुंधरादिनी उद्यान लोकांना खुलं झालं. दुसरीच्या पोरांनी ज्या खोडांना मिठी मारली, ती सगळी या कचऱ्याच्या अंगावर वाढलेली. मुलं आधी खाली बघायला लागली, मग आपल्या बुटांकडे. एकीने विचारलं, “मग तो कचरा आता कुठे जातो?” हाच प्रश्न मला हवा होता. कचरा थांबला नाही, तो दुसरीकडे गेला. देवनारला तर १९२७ पासून कचरा पडतोय. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेली आग आमच्या सायनपर्यंत नाकात बसली होती. तेव्हा ही मुलं अगदी लहान होती, पण घरी खिडक्या बंद करून बसल्याचं दोघांना आठवत होतं.

मग वाद लावला. अर्ध्या वर्गाने म्हणायचं की शहराने अशी मैदानं बंद करून बागाच कराव्यात, अर्ध्यांनी म्हणायचं की कचरा दुसऱ्याच्या दारात ढकलून केलेली बाग हा ढोंगीपणा आहे. पंधरा मिनिटांत आवाज इतका चढला की एक सुरक्षारक्षक येऊन बघून गेला.

त्या वादात, एरवी वर्गात तोंड न उघडणारा, मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याचे वडील तेरा कंपाउंडात, म्हणजे धारावीतल्या भंगाराच्या वस्तीत, प्लॅस्टिक छाटतात. तो म्हणाला, “कचरा कचरा काय करता, तो आमच्याकडे माल असतो.” आणि त्याने शिकवायला सुरुवात केली. पाण्याची बाटली पेट, झाकण वेगळं, दोन्हीचा दर वेगळा. एचडी, एलडी, पीपी हे प्लॅस्टिकचे प्रकार कसे ओळखायचे, वाजवून, वाकवून. मी बादलीभर पाणी मागवलं. बाटलीचा कापलेला तुकडा टाकला, बुडाला. झाकणाचा तुकडा टाकला, तरंगला. घनता नववीत आहे. प्रयोगवहीत सगळ्यांनी उतरवून घेतलेला प्रयोग आहे. त्या दिवशी तो पहिल्यांदा कुणाला तरी खरा वाटला. विज्ञानशिक्षिका म्हणून मी त्या मुलासमोर पाठीमागे हात बांधून उभी होते.

दुसरा भाग मिठीचा. उद्यानाच्या कडेने मिठी नदी जाते. विहार आणि पवईच्या तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन सुमारे अठरा किलोमीटर वाहत ती माहीमच्या खाडीला मिळते. काठाला तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, आहेत. ताईंनी तिवराचं पान उलटसुलट करून त्यावरचे मिठाचे कण दाखवले. हे झाड खारं पाणी पितं आणि जादा मीठ पानांवाटे बाहेर टाकतं. इतर ठिकाणी अशा पानाला जीभ लावून बघायला सांगतात. मिठीच्या काठी कृपया सांगू नका.

आठवडाभर आधी मी एक घरचा अभ्यास दिला होता: २६ जुलै २००५ ला तुमच्या घरात, चाळीत किंवा गल्लीत पाणी कुठपर्यंत आलं होतं, ते घरच्यांना विचारा आणि जमिनीपासून टेपने मोजा. नववीतलं एकही मूल तेव्हा जन्मलेलं नव्हतं. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हा आकडा त्यांना पुस्तकातला म्हणून पाठ असतो. उद्यानात आम्ही एक उंच बांबू रोवला आणि प्रत्येकाने आपल्या घराच्या मापाला रंगीत दोरा बांधला. कुणाचा गुडघ्याला, कुणाचा कमरेला. सखल गल्लीत राहणाऱ्या चौघांचे दोरे त्यांच्या स्वतःच्या डोक्यावरून गेले. बांधायला स्टूल मागवावं लागलं. मोबाइल बाहेर आले ते तेव्हा, पण सेल्फीसाठी नाही, त्या बांबूच्या फोटोसाठी. एकीने तिथूनच आजीला फोन लावला आणि “नक्की इथपर्यंतच ना?” म्हणून पुन्हा विचारून घेतलं. आजीने दोन बोटं वर सांगितलं. दोरा दोन बोटं वर गेला.

पावसाचं पाणी साठवायचं तळं उद्यानात आहे. ते बघायला मी त्यांना बांबूनंतरच नेलं. आधी नेलं असतं तर ‘रेन वॉटर हार्वेस्टिंग’ म्हणून माना डोलावून पुढे गेले असते.

आता थोडं व्यवहाराचं. दिवस, वेळा, शुल्क आणि मार्गदर्शक यांबद्दल आधी फोन करून, जमल्यास शाळेच्या पत्रासह ठरवा. गटासाठी न सांगता जाऊ नका. वर्गाचं वय आणि तुम्हाला काय करायचंय हे पत्रात लिहा. आम्ही लिहिलं होतं, म्हणूनच ताई तयारीने आल्या होत्या. डास मात्र नक्की. ऑगस्टात तर पोत्याने. लांब बाह्या, लांब पॅन्ट आणि ओडोमॉस. मुलांना निघायच्या आधी शाळेतच लावा, आत गेल्यावर कुणी उभं राहत नाही. वारा फिरला की मिठीचा वास येतो. दुसरीची मुलं नाक दाबून हसली, नववीने त्यावर एक मुद्दा मांडला. उंच डोंगर, धबधबा, वाघ यांची अपेक्षा असलेल्या पालकांना आधीच समजावा. आमच्याकडे एक बाबा “एवढं जवळ? मग सहल कसली?” म्हणाले होते.

ज्यांच्या शाळा ठाण्या-ऐरोलीच्या बाजूला आहेत, त्यांनी आठवी-नववीला ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात न्यायला हरकत नाही. मी घरच्यांबरोबर जाऊन आले. ठाणे खाडीचा तो भाग २०१५ पासून रोहित (फ्लेमिंगो) पक्ष्यांचं अभयारण्य आहे, २०२२ मध्ये त्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. होडीची वेळ भरतीवर ठरते, तुमच्या वेळापत्रकावर नाही. पंचांग-भरतीचा तक्ता बघूनच मुख्याध्यापकांकडे तारीख मागा. हिवाळ्यापासून मेपर्यंत पक्षी असतात. पण दुसरीला तिथे नेऊ नका. जीवरक्षक जाकिटात हलायचं नाही, बोलायचं नाही आणि लांबवर दिसणाऱ्या गुलाबी रेषेकडे कौतुकाने बघायचं, हे सात वर्षांच्या मुलाला शिक्षा केल्यासारखं आहे.

गुण द्यायचेच तर माहीमच्या उद्यानाला दुसरीसाठी पाचपैकी पाच आणि नववीसाठी पाचपैकी पाच. सहावीसाठी साडेचार, तो अर्धा माझ्या सुतळीच्या गुंत्यामुळे गेला, उद्यानामुळे नाही. खर्च प्रत्येकी गेल्या वर्षीच्या चौथाईही झाला नाही.

दुसरीतल्या त्या ओंबिलवाल्याने परवा मला जिन्यात गाठलं. “बाई, त्यांचं घर शिवून झालं असेल?” मी म्हटलं, झालंच असेल. तो म्हणाला, “नाही, पानं सुकतात ना, मग त्यांना परत नवीन शिवावं लागत असेल.” पानं सुकली की त्या खरंच घर बदलतात. मी त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. जानेवारीत पाचवीला न्यायचंय, तेव्हा त्याला एकट्यालाच बरोबर घेऊन जाईन म्हणते. मोठ्या बाईंची परवानगी अजून काढायची आहे.